हेल्परबाईंचा अनुभव

कपड्यांच्या कारखान्यात बाईंची नोंद हेल्पर म्हणून होती. हेल्परने धागे कापायचे, गठ्ठे उचलायचे, मशीनला हात लावायचा नाही, असा नियम. पण मिस्त्री जेवण झालं की गोदामात ताणून द्यायचा, आणि एखादं मशीन अडलं की खुद्द सुपरवायझरच बाईंना हाक मारायचा. बाई कान देऊन आवाज ऐकायच्या, चार स्क्रू काढायच्या, हूकचं टायमिंग जुळवायच्या. दुरुस्तीच्या वहीत सही मात्र मिस्त्रीची. अकरा वर्षं ही लबाडी बिनबोभाट चालली.

मग नव्या मुलींना मशीन शिकवायची जागा निघाली. दिवसभर उभं राहून बाईंचे गुडघे पार कामातून गेले होते. हे काम बसून करायचं होतं. नोटिशीत लिहिलं होतं, ‘हँड्स-ऑन अनुभव आवश्यक’.

“म्हणजे काय गं?” बाईंनी लेकीला विचारलं.

“नुसतं बघितलेलं नाही, वाचलेलं नाही. स्वतः केलेलं. आणि आई, तेवढं बोलून गप्प बसू नकोस. काय काय केलंस ते सांग.”

बाईंनी आठवडाभर भांडी घासताना घोकंपट्टी केली.

मुलाखतीला मॅनेजर होता, शेजारी सुपरवायझर. बाई न अडखळता म्हणाल्या, “मला अकरा वर्षांचा हँड्स-ऑन अनुभव आहे. हूक, सुईपट्टी, सगळं मी स्वतः उघडून बसवलंय.”

“अच्छा!” मॅनेजर सुपरवायझरकडे वळला. “हेल्पर मशीन उघडते?”

सुपरवायझरचा चेहरा पांढराफटक पडला. पण असली माणसं लवकर सावरतात. “छे हो साहेब! थापा मारतायत बाई.”

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. मेला नजरेला नजर द्यायला तयार नव्हता.

मशीन उघडल्याचं बाईंनी स्वतःच कबूल केलं होतं, त्यामुळे नियम मोडला म्हणून नोकरीच जायची वेळ आली. तेव्हा सुपरवायझरनेच उपकार केल्यासारखा तोडगा काढला. मी मशीनला कधीच हात लावलेला नाही, मुलाखतीत खोटं बोलले, असं लिहून द्यायचं, म्हणजे नोकरी टिकेल. घरात दुसरं कमावतं कुणी नव्हतं. बाईंनी लिहून दिलं.

जिन्यातच सुपरवायझरने त्यांना गाठलं. “बाई, सात नंबर टाके सोडतंय. मिस्त्री झोपलाय. तेवढं बघता का जरा?”

बाईंनी खाली जाऊन सात नंबर उघडलं.