तीन पाट्यांचं पाळणाघर

खराडीच्या ऑफिसात माझं काम म्हणजे परदेशी मदतीचा माग काढणं. कुठल्या देणगीदाराने कुठे काय दिलं, हे सगळं एका भल्यामोठ्या यादीत येतं. एकच काम दोघांच्या नावावर दिसलं की दुबार अशी खूण करायची आणि देणाऱ्यांना कळवायचं. यात माझा हात धरणारं कोणी नाही, अशी माझी समजूत होती.

एकदा वाघोलीतलं एक पाळणाघर यादीत तीनदा सापडलं. पत्ता तोच, मुलांचा आकडा तोच, पुढे शब्दही तोच: बालसंगोपन. म्हटलं, वा, एकाच लेकराची तीन बारशी! पहिली नोंद ठेवली, बाकी दोन्हींवर खूण केली. साहेबांनी मीटिंगमध्ये कौतुक केलं, तेही मी यथास्थित करवून घेतलं.

दोनेक महिन्यांनी आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या बाई चार वर्षांच्या लेकीला घेऊन आल्या. मुलगी ओट्याशेजारी बसून राहिली. मी जरा खोचकच विचारलं, "अहो, आज पाळणाघराला सुट्टी वाटतं?"

"सुट्टी कशाची, ताई! जेवण बंद झालं, सांभाळणाऱ्या मॅडम बी गेल्या. नुसती खोली हाय. कुणीतरी वर कळवलं म्हणं, एकाच पाळणाघराला तिघं कशाला देताय."

पत्ता विचारायचं धाडस झालं नाही. तो मला पाठ होता.

त्याच दुपारी गेले. दाराला कुलूप होतं. भिंतीवर तीन पाट्या, तीन देणाऱ्यांच्या. एकीवर लिहिलं होतं खोलीचं भाडं, दुसरीवर दुपारचं जेवण, तिसरीवर शिक्षिकेचा पगार. तिघांनी मिळून एक पाळणाघर चालवलं होतं. त्यातलं मी नेमकं भाडं तेवढं शिल्लक ठेवलं होतं. खिडकीतून आत पाहिलं, तर सतरंजीची नीट गुंडाळी करून ठेवलेली. मला स्वतःची इतकी भीती कधी वाटली नव्हती.

चूक झाली म्हणून ऑफिसात लिहून दिलं. उत्तर आलं, त्या दोघांनी रक्कम दुसरीकडे वळवली आहे, आता पुढच्या वर्षी बघू.

मुलगी रोज येते. परवा तिची आई भांडी विसळता विसळता म्हणाली, "ज्यानं कळवलं, त्यानं एकदा येऊन बघायचं तरी. नाही का हो, ताई?"

मी "हो" म्हणाले आणि मुलीच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. कळवणारी ती मीच, हे अजून सांगितलेलं नाही.