माईकपासून चार हात

"तू लांबून बोल."

गुरुजींनी हे म्हटलं आणि माईक माझ्यासमोरून उचलून स्वतःकडे ओढला. मी सहावीत होते. त्यांच्या मेहुण्याने मुंबईहून टेपरेकॉर्डर आणला होता, मोठ्या चकत्यांचा. वर्गातल्या प्रत्येकाने एक पाढा म्हणायचा आणि मग सगळ्यांनी मिळून ऐकायचा, असं ठरलं होतं. मुलं एकेक करून पुढे जात होती, माईक हातात धरत होती, तोंडाला लावत होती. एकाने तर तो चाटलासुद्धा. सगळे हसले, गुरुजीही.

माझ्या वाट्याला एकोणतीसचा पाढा आला होता, कारण तो फक्त मला येत होता.

मी दाराजवळ उभी राहिले. गुरुजी म्हणाले, "माईक मेहुण्याचा आहे. त्याच्या घरी देव आहेत." एवढंच. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. आमची वस्ती गावाबाहेर होती. आमच्या हाताने वस्तू बाटते, हे वर्गातल्या सगळ्यांना माहीत होतं. मला तर होतंच. फक्त आवाजानेही बाटते, हे त्या दिवशी कळलं.

मी दारातून पाढा म्हटला. शेवटपर्यंत, न चुकता.

मग त्यांनी टेप लावली. एकेकाचा आवाज खणखणीत. माझी पाळी आली आणि नुसती खरखर. खरखरीच्या मागे काहीतरी हलत होतं, भिंतीपलीकडे कोणी कण्हावं तसं. पुढच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "मशीनलापण नको झाली ही." सगळा वर्ग हसला.

मीसुद्धा हसले, मुलांनो. ते मला अजून सलतं.

तुम्ही मला नेहमी सांगता, आजीचं सगळं कसं टापटीप असतं. मसाल्याच्या डब्यांवर लेबलं, औषधांच्या पेटीत याद्या. ती सवय त्या खरखरीतून आली. मी ठरवलं होतं की माझ्यात कोणाला काही अस्पष्ट सापडता कामा नये. अक्षर स्वच्छ, भाषा स्वच्छ, इंग्रजी स्वच्छ. रियाधच्या हॉस्पिटलात तेवीस वर्षं रुग्णांच्या फायली सांभाळल्या, एकही हरवली नाही. इथल्या मराठी घरांत हळदीकुंकवाला गेले, तिळगूळ दिला, घेतला. गाव कुठलं, कोणी विचारलं तर तालुक्याचं नाव सांगितलं आणि विषय बदलला. सगळी वर्षं मी लांबूनच बोलत होते. कोणाला मला तसं सांगावंही लागलं नाही.

आता मुद्द्यावर येते.

माझ्या भावाने, तुमच्या बाबांच्या मामाने, आयुष्यभर आमच्या लोकांच्या सभा टेप केल्या. गायरानाच्या जमिनीसाठीच्या सभा, मोर्चे, विहिरीवरचे सत्याग्रह. टेपरेकॉर्डर मीच त्याला रियाधच्या बत्हा बाजारातून घेऊन पाठवला होता. तो गेला तेव्हा वहिनीने मला बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात चौदा कॅसेट दिल्या. "तुम्ही शिकलेल्या. तुम्हीच काय ते करा."

मी त्या हातातल्या बॅगेत घालून इकडे रियाधला लेकीकडे आणल्या. विमानतळावर तरुण अधिकाऱ्याने एक कॅसेट उलटसुलट करून पाहिली. त्याने बहुधा असली वस्तू पाहिलीच नव्हती. "एश हादा?" त्याने विचारलं, हे काय आहे? मला पटकन सुचेना. मी म्हटलं, "उम्मी." माझी आई. तो हसला. "यल्ला, यल्ला," म्हणत त्याने मला पुढे जायला हात केला.

आई त्यात खरंच आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

पुण्याच्या एका संस्थेला अशा चळवळींच्या आवाजांचा संग्रह करायचा होता. शब्द टाकला की त्या शब्दाचं भाषण सापडावं, नाव टाकलं की माणूस सापडावा, अशी सोय करायची होती. त्यांनी मला नियम पाठवले. आवाज साफ करून द्या. बोलणाऱ्याचं नाव द्या. विषय द्या. ज्याला नाव नाही तो शोधात येणार नाही.

असलं काम म्हणजे माझा हातखंडा. मी एक्सेलमध्ये तक्ता केला. कॅसेट नंबर, बाजू, मिनिट, वक्ता, विषय. लेकीच्या लॅपटॉपवर खरखर काढायचा प्रोग्रॅम घातला. एक बटण दाबलं की मागचा सगळा गोंगाट नाहीसा आणि भाषण स्वच्छ. सभेत माईक टेबलावर असायचा, टेबलापाशी पुरुष. सूत्रसंचालक त्यांची नावं मोठ्याने घ्यायचा. बायका मागे जमिनीवर बसलेल्या. त्यांचं नाव कोणी घेत नसे. मधूनच मागून एखादी काही बोलायची. तिथे मी तक्त्यात एकच शब्द लिहीत गेले: अस्पष्ट.

अकरा कॅसेट झाल्या. अकरा पाठवल्या. त्यातल्या तीन कॅसेटना बुरशी होती. त्या मी काम झाल्यावर फेकून दिल्या आणि त्यांची लॅपटॉपमधली कच्ची प्रतही पुसली. पसारा नको म्हणून.

संस्थेच्या मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. माझ्या निम्म्या वयाच्या, फार गोड बोलणाऱ्या.

"काकू, किती नीटनेटकं काम! आणि मागचा गोंधळ काढलात, ते बरं केलंत. बायकांचं रडगाणं कोण शोधणार आहे?"

मी हसले. पुन्हा एकदा हसले.

"आणि मराठी किती शुद्ध हो तुमची! कळतच नाही."

"काय कळत नाही?"

"अहो, म्हणजे... तसं काही नाही."

शाळेतल्या दारात उभी होते तशीच खुर्चीत बसून राहिले. कॉल संपला. एसीचा आवाज येत होता आणि मला त्या आवाजाच्या मागे कोणीतरी बोलतंय असं वाटत होतं. लेकीला म्हटलं तर ती म्हणाली, "आई, दिवसभर हेडफोन लावून बसतेस. खलास कर आता ते."

बाराव्या कॅसेटच्या वेळी प्लेअर बंद पडला. लेकीने मला बत्हात सोडलं. तिथे एका गल्लीत इस्माईलभाई बसतात, दाभोळकडचे. सत्तरी उलटलेली. मोबाईल दुरुस्त करतात, पण मनापासून नाही.

"ताई, हे आता कोण ऐकतंय? म्हातारे नि वेडे."

"मग मी दोन्ही समजा."

"बसा तर. मीपण दोन्ही." त्यांनी प्लेअर उघडला. "तीन कफील बदलले, व्हिसाचे मालक, पण पेचकस हाच."

रबरी पट्टा बदलला. माझी कॅसेट लावली. भाषण, मग मागून खरखर, आणि त्यात काहीतरी हललं. मी म्हटलं, "ते सोडा, तो नुसता गोंगाट आहे. घरी मी तो काढून टाकते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काढून टाकताय? ताई, लांब उभा ऱ्हायलेला माणूस खरखरीतच असतो. खरखर गेली की तोपण गेला." मग त्यांनी कान खाली नेला. "टेप वाचणारा हेड तिरपा आहे. ज्या मशीनवर भरली त्याचा कोन वेगळा, ह्याचा वेगळा. थांबा."

त्यांनी एक बारीकसा स्क्रू फिरवला. केसभर. आणि ती पुढे आली.

माझी आई. जाऊन सत्तावीस वर्षं झालेली आई.

कोणीतरी पुरुष म्हणत होता, "बाई, पुढं या, माईकजवळ या." आणि ती म्हणत होती:

"मला न्हाई पायजे तुमचा माईक. माज्या पोरीच्या तोंडापुढनं जे वडून घेतलं, त्ये मी हातात धरनार न्हाई. ऐकायचं आसंल तर गप ऱ्हावा."

पुरुष हसले. ती थांबली. हसणं संपेपर्यंत थांबली. मग म्हणाली:

"दुसऱ्या दिशी मी साळंत गेले. म्हनलं, गुरुजी, माज्या पोरीचा आवाज द्या. त्यो म्हनला, पुसला. म्हनलं, का पुसला? त्यो म्हनला, आलीच हायेस तर आंगन झाडून जा. म्या खराटा घेतला आन त्येच्या टेबलावर ठिवला. म्हनलं, तुमीच झाडा. त्यानं साळंतनं पोरीचं नाव काढून टाकलं. म्या तिला तालुक्याला घातली. रोज सा मैल तिच्यासंगं चालले. झालं माजं."

इस्माईलभाईंनी टेप बंद केली. नमाजची वेळ झाली होती, बाजूची शटरं खाली येत होती. ते उठले नाहीत. म्हणाले, "कोण तुमची?"

"आई."

"नि पोरगी?"

"मीच."

मला वाटायचं, मार्क चांगले म्हणून मला तालुक्याच्या शाळेत घातलं. आईने मला कधीच सांगितलं नाही. मीही तिला त्या पाढ्याबद्दल सांगितलं नव्हतं. तिला कसं कळलं, ते मला आता कधीच कळणार नाही. भर सभेत तिने एकदाच सांगितलं, माईकपासून चार हात लांब उभी राहून. लांब राहायला तिला कोणी सांगितलं नव्हतं. ते तिचं तिने ठरवलं होतं. आणि मी, तिने सहा मैल चालून शिकवलेली पोरगी, अकरा कॅसेटमध्ये एका बटणाने अशा बायका पुसत बसले होते. गुरुजींनी एक आवाज पुसला. मी किती पुसले, मला माहीत नाही.

त्या तीन फेकलेल्या कॅसेटमध्ये कोण होतं? हे मला रोज कोणीतरी विचारतं. एसीतून, नळातून, रस्त्यावरच्या गाड्यांतून.

मी मॅडमना कॉल केला. सांगितलं, साफ केलेल्या सगळ्या प्रती काढून टाका. कच्च्या पाठवते.

"काकू, लोकांना ऐकायला त्रास होईल."

"होऊ दे."

"आणि बोलणाऱ्याचं नाव लागतं हो, नाहीतर सर्चमध्ये..."

"भागूबाई. मोलमजुरी. दोन शाळा पाहिलेल्या, एक आतून, एक बाहेरून. लिहा."

"हे असं आमच्या फॉर्ममध्ये बसत नाही."

"मग फॉर्म बदला. नाहीतर एकही कॅसेट मिळणार नाही. आणि त्या दिवशी तुम्हाला जे कळलं नाही म्हणालात ना, ते मीच सांगते." मग माझं गाव, माझी वस्ती, माझी जात मी त्यांना सांगितली, हेडफोनचा माईक ओठांना टेकवून.

त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. नाही आलं तर नाही.

चौदातल्या उरलेल्या अकरा कॅसेट मी पहिल्यापासून पुन्हा ऐकते आहे. तक्त्यातला "अस्पष्ट" हा शब्द काढला. त्या जागी लिहिते: मी अजून ऐकलं नाही. त्या तीन कॅसेटच्या ओळीही तक्त्यात ठेवल्या आहेत, रिकाम्या. त्यांच्यापुढे लिहिलं आहे: मी पुसल्या. खाली माझं पूर्ण नाव.

या अकराही कॅसेटच्या कच्च्या प्रती तुम्हाला पाठवते आहे. शेवटच्या फाईलमध्ये मी एकोणतीसचा पाढा म्हटला आहे, माईक तोंडाला लावून. मागे खरखर आहे. ती काढावीशी वाटली तर आधी मला विचारा. मी नसेन, तर हात लावू नका.