प्लास्टिकातला नवा ड्राइव्ह

मालवणात समुद्राच्या अगदी काठाला आमच्या संस्थेचं ऑफिस होतं. जुन्या चित्रांचे स्कॅन जपणं हे आमचं काम, आणि त्यांचा सगळा साठा नेटवर्कवरच्या एकाच ड्राइव्हमध्ये. तो कुरकुरायला लागला म्हणून मी उघडला, तर आत झुरळांच्या लेंड्या आणि उदबत्तीची तेलकट राख. साहेब रोज त्याच्याच डोक्यावर उदबत्ती लावायचे. नाक दाबून मी झाकण परत बसवलं.

नवा ड्राइव्ह आला. त्याचं प्लास्टिक फाडायला गेलो तर साहेब ओरडले, "काढू नको रे! खारो वारो लागतलो." वर आणखी एक पिशवी चढवून त्यांनी वायरींभोवती तिचं तोंड सुतळीने आवळलं. मी फाइली कॉपी करत होतो, तेही त्यांना खपेना. "कॉपी कित्याक? कट कर. जुनो रिकामो होऊक व्हयो." जुना ड्राइव्ह त्यांनी मेव्हण्याच्या सायबर कॅफेला कबूल केला होता. असला माणूस म्हणे संस्कृती जपणार! आणि मी? मी निमूट कट केलं.

आठवड्याभरात नवा ड्राइव्ह पिशवीत उकडून मेला. जुन्यावर तोवर मेव्हण्याने सिनेमे भरले होते.

गेलेल्या स्कॅनमध्ये पिंगुळीच्या एका वृद्ध चित्रकथ्यांची पोथी होती. एकेक चित्र दाखवत गोष्ट सांगायची, तसली. मूळ कागद वाळवीने पोखरलेले. अशी जीर्ण चित्रं त्यांच्यात फेकत नाहीत, पाण्यात विसर्जन करतात; पण दुसरी प्रत नाही म्हणून ते थांबले होते. 'आता कॉम्प्युटरात आहेत, काळजी सोडा,' असं मीच सांगितलं, तेव्हा कुठे त्यांनी ती नदीत सोडली. स्कॅनच्या छापील प्रती मिळाल्या की ते सगळी पुन्हा रंगवणार होते. "नजर आसा तवसर काढतलंय," म्हणायचे.

साहेबांनी मलाच पिंगुळीला पाठवलं. एसटीत सगळं खरं सांगायचं ठरवलं होतं. अंगणात त्यांना बघितलं आणि तोंडातून निघालं, "मशीन बिघडलं."

ते उलट माझीच समजूत घालायला लागले. "यंत्राचो काय भरवसो? तेका तुमी काय करतलात? बसा, चाय घेवा."

मी बसलो. चहा प्यालो, आणि बरा झालाय असंही म्हणालो. त्या दिवसाइतकी स्वतःची किळस मला कधी आली नाही.