कम्प्युटरवाल्या बाई आणि त्यांची टीप
मुलांनो, तुमच्याकडे कम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला टीप देतात का, असं परवा मी फोनवर का विचारलं ते आज सांगते, कारण फळी पुसताना एक स्टीलचा डबा पुन्हा हाती आला. दोन वर्षांपूर्वी अंबरनाथच्या घरी आपला कम्प्युटर बंद पडला आणि आजोबांनी जाण्यापूर्वी तुमच्यासाठी रेकॉर्ड केलेल्या गोष्टी त्यात अडकल्या. धूळ बसू नये म्हणून मी त्यावर कायम भरतकामाचा जाड रुमाल घालत असे. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधून दुरुस्तीला एक बाई आल्या, तुमच्या आईच्या वयाच्या. "काकू, याला शाल पांघरवलीत काय? गरम होऊन खल्लास झालाय!" तीन तास खपून त्यांनी कम्प्युटर पुन्हा चालू केला आणि गोष्टी स्वतःच्या लॅपटॉपवरही उतरवून घेतल्या. बिलावर मी शंभर रुपये जास्त दिले तर त्या उखडल्याच. "डॉक्टरला टीप देता का?" "अहो, खुशीने देतेय!" "खुशी असेल तर तो रुमाल काढा." असं कुणी बोलतं का? शेवटी वैतागून मी बेसनाचे लाडू याच स्टीलच्या डब्यात भरून त्यांच्या बॅगेत कोंबले. आठवड्याने डबा परत आला. रिकामा कसा द्यायचा, म्हणून बाईंनी आत पेन ड्राइव्ह ठेवला होता, गोष्टींची आणखी एक कॉपी, तीही फुकट! म्हणजे पुन्हा उपकार माझ्यावरच. इतकी चिडले मी! कम्प्युटर पुढे भंगारात गेला. पेन ड्राइव्ह डब्यात आहे आणि आजोबांच्या अकराही गोष्टी त्यात नीट ऐकू येतात.