पारशिवनीच्या वेलींचा पाहुणचार

द्राक्षवेल ही मानवी संस्कृतीची सर्वांत जुनी सोबतीण आहे, असे वाईनवाले सांगतात. पारशिवनीजवळ मला ती भेटली तेव्हा संस्कृतीपेक्षा म्हशीच्या गोठ्याला जास्त जवळ होती.

धंतोलीतल्या एका दवाखान्यात आतेभावाला पाहायला नागपूरला आलो होतो. तो सुधारला आणि माझ्याकडे दोन दिवस उरले. त्याचे मेहुणे मनोहरराव गावाकडे वाईनची द्राक्षे लावून बसलेत, असे कळल्यावर मी सकाळची बस पकडली. फेब्रुवारी संपत आला होता. खिडकीबाहेरून कपाशीची वेचणी संपून उलंगलेली शेते, मग संत्र्याच्या बागा, मग पेंचच्या बाजूची निळसर झाडी सरकत गेली. त्यातले किती जागेपणी पाहिले, हे आता सांगता येणार नाही.

मनोहररावांच्या वेली संत्र्याच्या दोन बागांच्या मधोमध आहेत. तारांवर चढवलेल्या रांगा, पानांतून गाळून येणारा हिरवा उजेड आणि त्यात लोंबणारे काळे, बारीक मण्यांचे घड. आत शिरले की जगाचा आवाज बाहेर राहतो. म्हशीचा तेवढा आत येतो.

"उद्या नाशिकच्या वाईन कारखान्याचा माणूस गोडी तपासायले येऊन राहिला," मनोहरराव म्हणाले. "भरली तं माल जाते. नाही भरली तं..."

"तं मी खांब उपटते अन् संत्रा लावते," त्यांच्या पत्नी प्रमिलाबाईंनी वाक्य पुरे केले. "तीन वर्षं झाली, भाऊ. जाड सालीचं, बियांचं फळ. घरच्यायले खाता येत नाही. मंग लावलं काहून?"

जेवायला गोळाभात (डाळीच्या भरड्याचे गोळे घातलेला भात) होता. वर गरम तेलाची फोडणी. त्यानंतर वेलीखाली खाट टाकून पडलो. दुपार पानांवरून हळूहळू घरंगळत होती, आणि आपण कुठल्या देशात आहोत याची चौकशी करावीशी वाटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी नाशिकचे गृहस्थ आले. त्यांनी डोळे मिटून हवा हुंगली आणि या मातीला स्वतःचे व्यक्तिमत्त्व आहे, असे सांगितले. वारा गोठ्याकडून होता. मग त्यांनी एक द्राक्ष चिरडून बोटभर नळीच्या काचेवर थेंब ठेवला आणि नळी उन्हाकडे धरून गोडी पाहिली.

"पाणी कधी दिलंत?"

"पंधरा दिवस झाले, साहेब. तुम्हीच पाणी तोडाले सांगतलं होतं."

"मग रस पातळ कसा?"

मनोहररावांनी बुडाची माती बोटांनी उकरली. आत ओल होती.

"परवा मीच मोटार चालू केली," प्रमिलाबाई म्हणाल्या. "हे नागपूरले गेले होते. साहेब येऊन राहिले अन् घड असे सुकल्यासारखे. मले लाज वाटली. संत्र्याचा व्यापारी येते तं फळ टपोरं नको का दिसाले?"

"वाईनच्या द्राक्षाला तहानलेलंच ठेवायचं असतं, ताई," ते गृहस्थ म्हणाले. नळी पुसून त्यांनी खिशात ठेवली. "आज माल घेत नाही. आता थेंबभरही देऊ नका. आठवड्यानं पुन्हा बघतो."

त्यांची गाडी गेल्यावर मनोहररावांनी उकरलेली माती पायाने सारखी केली.

"तुले तं खांब उपटायचे होते नं वं?"

"उपटायचे तवा उपटू," बाई घराकडे वळत म्हणाल्या. "पण लोकायसमोर आपलं लेकरू उपाशी काहून दाखवू?"

संध्याकाळच्या बसमध्ये रांगांमधला तो हिरवा उजेड माझ्यासोबत बराच लांबपर्यंत आला. नागपूरचे दिवे लागले तेव्हा तो कुठेतरी उतरून गेला होता. वाटले, माणूस वेलीला वाढवतो की वेल माणसाला, हा फार जुना प्रश्न असावा.

घरी परतल्यावर दहाएक दिवसांनी मनोहररावांचा फोन आला. गोडी भरली, माल गेला, खांब जागच्या जागी आहेत. मोटारीच्या पेटीला आता कुलूप असते. किल्ली प्रमिलाबाईंकडे आहे.