कढीपत्त्याखालची माणसं

एका अनोळखी बाईंनी पिवळ्या पडलेल्या कढीपत्त्याचा फोटो टाकून विचारलं होतं, "हा जगेल का?" खाली एकही उत्तर नव्हतं. मला कसंतरीच झालं. मी लिहिलं, "कोणीच बोललं नाही म्हणून सांगते, आंबट ताक घालून बघा."

आमचा सर्व्हर इवलासा. माझी मैत्रीण मेधा तो घरच्या कॉम्प्युटरवर चालवते आणि आम्ही नऊ जण त्यावर लिहितो. असे कितीतरी सर्व्हर एकमेकांशी बोलतात, पण दुसरीकडच्या पोस्टखालची सगळीच उत्तरं आपल्याकडे पोचतात असं नाही, आणि त्या बाई दुसऱ्याच सर्व्हरवरच्या. परवा मेधाने राहिलेली उत्तरं शोधून आणणारा प्रोग्राम सुरू केला आणि माझ्या डोळ्यांदेखत कढीपत्त्याखाली माणसं गोळा होऊ लागली. तीसेक तरी असतील. निम्म्यांनी माझ्या आधीच ताक सांगितलेलं! मला जिथे शुकशुकाट दिसत होता, तिथे केवढा गलबला चालला होता. आणखी कुठे कुठे मी अशी उगीच कीव करत बसले असेन?

मग अनंताच्या पहिल्या फुलाची माझी पोस्ट आठवली. तिच्याखालीही काहीच नव्हतं. मी उत्साहाने मेधाला फोन केला. "माझीही उत्तरं आण की गं."

"स्वतःच्या पोस्टवरची थेट येतात," ती म्हणाली. "ती आणावी लागत नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे कोणी बोललंच नाही."

मी फोन ठेवला. थोड्या वेळाने फुलाखाली एक ओळ उमटली. मेधाची.

"वास कसा येतो गं?"