साखरेचा जिताडा

माणसं केकवर काय काय मागतात, याचं मला आता आश्चर्य वाटेनासं झालंय. जिमला जाणाऱ्या नवऱ्यासाठी डंबेल, सासूबाईंच्या साठीला पोळपाट-लाटणं, निवृत्त होणाऱ्या हेडक्लार्कसाठी फायलींचा गठ्ठा. सगळं हुबेहूब दिसलं पाहिजे आणि सगळं खाता आलं पाहिजे. ठाकुर्लीच्या आमच्या घरात, स्वयंपाकाच्या ओट्यावर, मी बारा-तेरा वर्षं हे साखरेतून काढत आले. फाँडंट म्हणजे साखरेची मळलेली कणीक. ती मळून मळून माझ्या उजव्या अंगठ्याचा सांधा गेला. डॉक्टर म्हणाले, काम कमी करा. नवरा म्हणाला, बंदच कर. मीही थकले होते. हातातल्या ऑर्डरी संपवायच्या आणि साचे कुणाला तरी देऊन टाकायचे, असं मी ठरवून टाकलं होतं.

तेवढ्यात दिव्याहून एक बाई आली. तिशीतली, खांद्याला ऑफिसची पर्स, बोलण्याची घाई.

"काकू, माझ्या सासऱ्यांना पंचाहत्तर पूर्ण होतायत. जिताडा पाहिजे. केकचा."

जिताडा हा खाडीतला मासा, एवढंच मला ऐकून ठाऊक. मी कोकणातली असले तरी आमचं घर पक्कं शाकाहारी; लहानपणी शेजारून मासळीचा वास आला की आई खिडकी लावून घ्यायची. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर ती खुर्चीवर बसलीसुद्धा.

मग तिनं सगळं सांगितलं. सासरे आगरी, जुने शेतकरी. भाताची शेती होती, खाडीला जाळं होतं. घरी जिताडा आला की त्याचं डोकं त्यांच्या ताटात पडायचं. पाहुणा कितीही मोठा असो, डोकं त्यांचं. चार वर्षांपूर्वी काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले. ताटातले काटे दिसेनात. एक दिवस हिनं मायेनं काटे काढून घास त्यांच्या हातात दिला, आणि म्हातारबाबा ताटावरून उठले.

"बोलले, मी काय तान्हा पोर हाय? तेव्हापासून फक्त वरण-भात. माशाचं नाव काढलेलं चालत नाही."

"मग हा केकचा मासा कशाला?"

"यात काटा नसतो ना काकू." असं म्हणून तिनं पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला. "आम्ही कोणी सांगणार नाही काय आहे ते. नुसता हात लावायला देणार. त्यांच्या हाताला कळलं की हा जिताडा, तर खातील. नाय कळलं, तर बोलतील आंधळ्याची मस्करी केली. मग संपलंच. काटे मी काढलेले ना, म्हणून मलाच वाटतं, हे मीच निस्तरावं."

तिचे डोळे भरून आले होते. आता अशा बाईला नाही कसं म्हणायचं? मी हो म्हटलं, आणि ती गेल्यावर दिवसभर स्वतःवर चरफडत राहिले.

आजवर मी डोळ्यांसाठी काम करत आले होते. रंगाची छटा जमली, जरा चमक मारली, की लोक मोबाइल काढतात. इथे रंगाला कुणी विचारणार नव्हतं. हाताला काय लागतं, तेच महत्त्वाचं. म्हणजे मला माशाला हात लावणं भाग होतं, तेही सत्तावन्नाव्या वर्षी.

डोंबिवलीच्या मासळी बाजारात दोन सकाळी फुकट गेल्या, कारण जिताडा रोज येत नाही. तिसऱ्या दिवशी एका कोळणीकडे होता, पण तो आधीच तुकड्यांनी विकला गेला होता. फळीवर नुसतं डोकं उरलेलं. मी नाकाला पदर लावून उभी.

"घ्यायचाय की नुसता बघायचाय, ताई?"

"हात लावायचाय," मी म्हटलं.

ती इतकी हसली की शेजारच्या दोघी वळून बघायला लागल्या. "लाव बाई, लाव. आता काय चावतो तो?"

मी डोळे मिटले आणि बोटं फिरवली. कपाळ खोलगट, मग पाठीकडे एकदम चढ. खालचा जबडा वरच्यापेक्षा पुढे आलेला. गालावरून बोट मागे नेत होते, तर ती ओरडली, "कल्ल्याला जपून! पातं असतं ते!" तोपर्यंत बोट कापलं होतं. जिताड्याच्या कल्ल्याची कड विळीसारखी असते, हे खाणाऱ्यांना आणि कापणाऱ्यांना सांगावं लागत नाही. मला रक्त काढून कळलं.

बोटाला पट्टी बांधून मी डोकं करायला घेतलं. फाँडंटमध्ये डिंकाची पूड मळली की ते सुकून टणक होतं. त्याचा कल्ला केला आणि त्याची कड पॉलिश पेपरनं घासून पातळ केली. कापणार नाही, पण धार आहे असं वाटेल इतपत. आमच्याकडच्या दमट हवेत साखरेला घाम फुटतो, म्हणून मासा बेडरूममध्ये, एसीत. नवरा पेपर घेऊन बाहेरच्या सोफ्यावर.

"शेवटी घरात मासा आणलासच," तो म्हणाला. "निदान वास तरी नाही."

केकचं धड जोडून झालं, अंगावरची खवलं उरली होती. माशाचं धड मी बाजारात पाहिलंच नव्हतं, म्हणून मोबाइलवरचे फोटो समोर ठेवले. गुलाबाच्या पाकळीचा एक छोटा साचा माझ्याकडे होता, त्यातून खवलं काढली. दाबायचं, सोडवायचं, चिकटवायचं. डोकं तयार होतं, म्हणून तिथूनच सुरुवात केली आणि शेपटीकडे सरकत गेले. पाकळीची गोल बाजू डोक्याकडे, पुढची ओळ मागच्या ओळीच्या बुडख्यावर. दोन दिवस लागले. अंगठा इतका ठणकायचा की चहाचा कप मी डाव्या हातानं धरायची. शेवटची ओळ लागली तेव्हा मला आनंद वगैरे काही झाला नाही, नुसतं हुश्श झालं.

रविवारी सकाळी बाईचा नवरा गाडी घेऊन आला. खोका मी मांडीवर धरला. दिव्यात त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी पाण्याचा टँकर अडकला होता, म्हणून शेवटचं अंतर आम्ही दोघांनी खोका हातात धरून चालत कापलं. वीसएक माणसं जमली होती. सगळ्यांनी वाहवा केली, फोटो काढले. मला एक खुर्ची मिळाली असती तर तेवढं पुरे होतं, पण मी मागितली नाही. बसवलंच नसतं.

म्हातारबाबांना टेबलापाशी आणलं. पांढरा सदरा, टोपी, ताठ मान. सुनेनं त्यांचा हात धरला नाही, लांबूनच म्हणाली, "बाबा, समोर हाय. हात लावा."

त्यांनी तळहात माशाच्या मधोमध ठेवला आणि शेपटीकडे नेला. हात अडकला. दोन-तीन खवलं निघून टेबलावर पडली. त्यांनी पुन्हा केलं, पुन्हा अडकला. मग हात शेपटीकडून डोक्याकडे आणला, तर गुळगुळीत.

"यो उलटा हाय," ते म्हणाले.

फोटो काढणारे मोबाइल खाली आले. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दर उन्हाळ्यात माझे वडील घराची कौलं शाकारायचे. पहिली ओळ वळचणीपाशी, मग वर वर चढत जायचं, म्हणजे पाणी अडत नाही. हाताशी कौलं द्यायला मीच असायचे. माशालाही पाणी कापत पुढे जायचं असतं, एवढं माझ्या डोक्यात येऊ नये? शेपटीकडून सुरुवात करायची होती आणि गोल बाजू शेपटीकडे ठेवायची होती. मासा खाणाऱ्या घरातलं शेंबडं पोरसुद्धा ही चूक करणार नाही. मी सुनेकडे बघितलं. ती ओठ चावत उभी होती. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

म्हातारबाबांचा हात मात्र निघाला नव्हता. तो पाठीवरून पुढे सरकत कपाळाच्या खोलगट भागाशी आला आणि तिथे थोडा रेंगाळला. मग गालाकडे उतरला. कल्ल्याच्या अलीकडे त्यांचा अंगठा आपोआप उचलला गेला, कडेला न शिवता पलीकडे गेला आणि पुढे आलेल्या जबड्यावर टेकला. तो अंगठा मी नीट पाहिला. तो विचार करून उचललेला नव्हता.

"जिताडा," ते म्हणाले. आणि मग, "खवलं कोनी लावली? मासा न खानारी बाई हाय काय गो ती?"

सगळे हसले. मीही हसले, आणि हसता हसता मला रडू फुटलं. कुणीतरी मला खुर्ची दिली.

सुनेनं सुरी घेतली, तशी त्यांनी हात आडवा धरला. "डोकं कोनाला देऊ नका. ते माजं."

तिनं डोकं ताटलीत ठेवून त्यांच्यापुढे सरकवलं आणि मागे झाली. त्यांनी जबड्याचा तुकडा मोडून तोंडात घातला. चावला मात्र नाही. मान जराशी कलती करून तो जिभेनं तोंडभर फिरवत, सावकाश काटा शोधत राहिले. सून तोंडाला पदर लावून उभी होती. काटा नाही, हे तिनं त्यांना सांगितलं नाही.